जहाजाची वेळ सांगणारी बाई

अख्ख्या अंदमानला माझा चेहरा पाठ आहे, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. तेव्हा मी तिशीच्या आतबाहेर होते, वेणीत रोज ताजं फूल घालायचे आणि बेटावरच्या छोट्याशा टीव्ही केंद्रावर संध्याकाळी निवेदन करायचे. आता सत्तरी उलटली. दिल्लीत आर. के. पुरमला मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते आणि खालच्या मजल्यावरच्या बाई मला जिन्यात भेटल्या की दर वेळी विचारतात, आप नई आई हैं क्या? मीही दर वेळी हो म्हणते. त्यांना बरं वाटतं.

अंदमानात आम्ही गेलो ते यांच्या बदलीमुळे. आमचे हे तपासणी खात्यात होते, केंद्र सरकारच्या. दिल्लीतलं सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडलं, मुलाला कडेवर घेतलं आणि जहाजात बसलो. मी वाटभर ओकत होते. तिथे उतरून महिना झाला नसेल तोच कळलं, की टीव्ही केंद्राला स्पष्ट हिंदी वाचणारी बाई हवी आहे. माझं हिंदी सरोजिनी नगरच्या भाजीवाल्यांकडून शिकलेलं. पण आवाज खणखणीत होता आणि अक्षरांखालचे नुक्ते कुठे येतात ते तिथे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे निवड झाली.

केंद्र म्हणजे टेकडीवरच्या दोन खोल्या आणि एक मनोरा. दिल्लीचे कार्यक्रम उपग्रहावरून यायचे. ते सुरू व्हायच्या आधीचा अर्धा तास बेटाचा. त्या अर्ध्या तासात सगळं बसवायचं: रॉकेल आलंय, मद्रासहून डोळ्यांचे डॉक्टर आलेत, अमक्या वस्तीतली म्हैस दोरी तोडून गेली आहे. मग शाळेतल्या मुलांचं समूहगीत, आणि सगळ्यात शेवटी जहाजाची सूचना.

ही सूचना म्हणजे काय ते दिल्लीत कुणाला सांगून कळत नाही. इथे एक बस गेली तर मागून दुसरी येते. तिथे बटाटे, सिमेंट, पत्रं, परीक्षेचे पेपर, माहेरून आलेला लाडवांचा डबा, सगळं त्या एका जहाजातून यायचं आणि सुट्टीवर जाणारी माणसं त्याच जहाजातून जायची. दर्या खवळला की त्याची वेळ बदलायची. बदललेली वेळ बंदरातून फोनवर केंद्रात यायची आणि तो फोन आल्याशिवाय मी एक अक्षर वाचायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. फोन नाही आला तर सरळ सांगायचं, जहाजाबाबत सूचना मिळालेली नाही. अंदाज नाही, धीर नाही, काही नाही. बाजारातल्या रेडिओच्या दुकानात एक टीव्ही होता, त्याच्यासमोर संध्याकाळी ही गर्दी जमायची.

ती गर्दी माझ्यासाठी जमते, असा माझा समज होता.

हसू नका. तुम्हीही तिशीत असता, तुमच्यावर दिवा सोडलेला असता, तर हेच समजला असता. मला कुणीतरी सांगितलं होतं की माझी डावी बाजू चांगली दिसते. त्यामुळे मी खुर्चीत अशी तिरकी बसायचे की मान धरायची. साडीला कांजी घालायचे. बेटावरच्या त्या दमट हवेत कांजीची साडी म्हणजे अंगाला पापड गुंडाळल्यासारखं. मासळीबाजारात बायका मला बघून विचारायच्या, "दीदी, जहाज कब?" मला वाटायचं, बिचाऱ्या लाजतात, कौतुक कसं करावं कळत नाही म्हणून जहाजाचं काढतात. मी मंद हसून वेळ सांगायचे आणि दोन पावलं गेल्यावर मागे वळून बघायचे, त्या अजून बघतायत का. त्या सुरमई निवडत असायच्या.

एकदा तापाने घरी पडले. माझ्या जागी दुसऱ्या एकीने वाचलं आणि मी पहिल्यांदा आमचं केंद्र आमच्या घरच्या टीव्हीवर बघितलं. नमस्कार झाला, म्हैस झाली, समूहगीत झालं. मग जहाजाची सूचना सुरू झाली आणि पडद्यावर एक चित्र आलं. निळ्या पाण्यावर पांढरं जहाज, कुणीतरी पुठ्ठ्यावर रंगवलेलं. सूचना संपेपर्यंत तेच. बाईचा नुसता आवाज. म्हणजे ज्या दोन मिनिटांसाठी मी मान मोडून बसायचे, त्या दोन मिनिटांत मी कुणाला दिसतच नव्हते.

मी यांना विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं? हे म्हणाले, हो. मग सांगितलं का नाही? तर म्हणाले, तू विचारलंस कुठे.

हे असेच. मी टेकडी उतरून घरी यायचे, तर दारातच प्रश्न, जहाज उद्याच ना? स्वतः टीव्हीसमोर बसून ऐकलेलं असायचं, तरी विचारायचे. आवाज बरा लागला होता, एवढंही कधी म्हणाले नाहीत. मी रुसायचे. मी रुसले आहे हे कळायला यांना दोन दिवस लागायचे आणि तोवर मी विसरलेली असायचे. तिथली वर्षं अशी गेली. मग पुन्हा दिल्ली. पुढे ऐकलं, की आता ते केंद्र पूर्वीसारखं चालत नाही, लोकांना जहाजाच्या वेळा मोबाइलवर कळतात. ऐकून मी बरं म्हटलं आणि कुकर लावला.

यांचं विसरणं हळूहळू सुरू झालं. आधी चष्मा, मग वार, मग मुलाचं लग्न झालं आहे हे. शेवटी मी. एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन मला म्हणाले, "बाई, तुम्ही चहा छान करता. तुमच्या घरी कोण कोण असतं?"

मी म्हटलं, "नवरा आहे. जरा विसराळू आहे."

"असतात तसे. सांभाळून घ्या."

मी हो म्हटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांनी मला अहो-जाहो पहिल्यांदाच केलं. मला वाटलं होतं, असं काही झालं की मी रडेन. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर ओठ आपला आहे हे माहीत असतं, पण लागत नाही, तसं झालं. ते इंजेक्शन अजून उतरलेलं नाही. मी पोळ्या करते, गोळ्या देते, सीरियल बघते.

खरी पंचाईत संध्याकाळची. ऊन खाली उतरलं की हे उठायचे, निळ्या बॅगेत कपडे भरायचे, बूट घालायचे आणि जहाज पकडायला निघायचे. कुठे जायचं विचारलं तर, घरी. पहिल्यांदा गेटपाशी उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला म्हणाले, जेटी चलोगे? त्या भल्या माणसाने यांना बसवून सेक्टरला एक चक्कर मारली आणि परत दारात आणून सोडलं. पुन्हा निसटले ते थेट सरोजिनी नगरच्या बाजारात सापडले. कपड्यांच्या ढिगांपाशी, पिशव्या घेतलेल्या त्या गर्दीत, बॅग छातीशी धरून शांत उभे होते. मुलाने हात धरला तर त्याला म्हणाले, रांग सोडू नका.

तेवढा वेळ मुलगा रिंग रोडच्या कडेकडेने बापाला शोधत फिरला होता. घरी आल्यावर तो बराच वेळ बूट काढायला बसून राहिला. मग म्हणाला, "आई, अजून एकदा बाबा गेटबाहेर गेले ना, तर मी त्यांना गुडगावला ठेवणार. मला ऑफिसात बसवत नाही."

गुडगावला अशा माणसांना सांभाळणारी एक जागा त्याने बघून ठेवली होती. मला मोबाइलवर फोटो दाखवले. स्वच्छ पलंग, कुंड्या, मोठ्या हॉलमध्ये मोठा टीव्ही. मुलगा वाईट नाही हो. जागाही वाईट नव्हती. मी फोटो पुढे सरकवत गेले आणि मला काहीच वाटेना. फक्त एवढं लक्षात आलं, की सगळ्या पलंगांवर एकेकच उशी होती.

दाराला कुलूप लावून पाहिलं. हे आतून दार ठोकत राहिले. खालच्या बाई वर आल्या आणि मला बघून म्हणाल्या, आप नई आई हैं क्या?

अशात एक दिवस टीव्हीचा रिमोट हरवला. गाद्या उलटल्या, सोफ्याखाली झाडू घातला. शेवटी सापडला तो यांच्या निळ्या बॅगेत, दोन बनियन आणि टॉवेलच्या मध्ये. मी विचारलं, हा कशाला घेतलात? हे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच डोक्याने जरा कमी आहे.

"सूचना नको ऐकायला? अजून आज लागलीच नाही."

मी तो रिमोट हातात घेऊन उभी राहिले. सूनबाई मागेच होती. ही करोल बागेत वाढलेली. घर पक्कं मराठी, पण पोर दिल्लीची, त्यामुळे बोलताना अर्धे शब्द वाटेत सांडतात. डोकं मात्र झकास चालतं. यांची सूचना म्हणजे काय ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "आई, मग तुम्हीच परत वाचा ना. मी मोबाइलवर रेकॉर्ड करून टीव्हीवर लावते. बिल्कुल सोपं आहे."

झालं. म्हातारीच्या अंगात पुन्हा ती बया संचारली. मी कांजीची साडी काढली. कांजी नव्हती, स्टार्चचा फवारा होता. अंबाड्यात फूल खोचलं. खुर्चीत डावी बाजू पुढे करून बसले, तर मानेत अशी कळ आली की सूनबाईला शेकायची पिशवी आणावी लागली. मग सरळ बसून वाचलं: खराब मौसम के कारण जहाज़ का प्रस्थान अगली सूचना तक स्थगित किया जाता है. पहिल्या फटक्यात वाचलं. आवाज जरा फाटला आहे, पण हिंदी तेव्हापेक्षा सुधारलंय.

संध्याकाळी बॅग भरून झाल्यावर सूनबाईने टीव्हीवर ते लावलं. हे उभ्या उभ्या ऐकत राहिले. मान हलवली. दाराकडे गेले नाहीत. सूनबाईने स्वयंपाकघरातून मला अंगठा दाखवला.

पण हे बॅग सोडेनात. दाराशी खुर्ची ओढून, बॅग मांडीवर घेऊन बसले. जेवायला बोलावलं तर ताट तिथेच मागितलं आणि घाईघाईने चार घास खाल्ले. बूट काढायला तयार नाहीत. दुसऱ्या दिवशी आंघोळीला नको म्हणाले. आम्ही संध्याकाळी पुन्हा तेच लावलं, यांची उलघाल आणखी वाढली. आणि त्याच्या पुढच्या दिवशी, संध्याकाळही व्हायची होती, सूनबाई ऑफिसातून यायची होती, मी डोळ्यांत थेंब घालून आडवी झाले होते, तेव्हा हे निघाले.

गार्डने गेटवर अडवलं. अगदी गेटवर. मुलगा आल्यावर मी त्या गार्डला वर बोलावून साक्ष द्यायला लावली, की साहेब गेटच्या आतल्या बाजूला होते, बाहेर पाऊल पडलेलं नाही. गार्ड बिचारा हात जोडून म्हणाला, जी, एक पैर अंदर था. मुलाला हसू आलं. मग ते हसू गेलं. तो म्हणाला, रविवारी आपण गुडगावला जाऊन जागा बघून येऊ.

त्या दिवशी मी तांदूळ निवडत बसले आणि विचार करत होते, की चुकलं कुठे. जहाज नाही म्हटल्यावर माणूस निवांत व्हायला हवा. आणि तेव्हा मला अंदमानातलं आमचं शेजारचं घर आठवलं. जहाज पुढे ढकललं असं मी वाचलं, की त्या घरातली बाई पसारा काढायची नाही, उलट आवरायची. बांधलेल्या वळकट्या तशाच दारात. मोठं पातेलं चढवायचं नाही, धुणं भिजत घालायचं नाही, मुलांना खेळायला लांब जाऊ द्यायचं नाही. कारण पुढे ढकललेलं जहाज केव्हाही सुटतं. वारा पडला की भोंगा वाजणार. सगळं बेट तसंच ताटकळायचं, बॅगेची चेन लावून. आम्हीही ताटकळलो आहोत, मुलाला बूट घालून झोपवलं आहे. आणि मी इथे, ज्या माणसाला बसवायचं, त्यालाच रोज संध्याकाळी सांगत होते, तयार राहा.

बेटावर माणसं निवांत व्हायची ती एकाच सूचनेने. जहाज गेलं. मग वळकट्या सुटायच्या, पातेली चढायची, बायका केस धुवायच्या. पुढचं जहाज येईपर्यंत कुणाच्या हातात काही नसायचं.

मी सूनबाईला म्हटलं, नवीन वाचायचं. ऐकून तिचा चेहरा उतरला. "बाबांना वाईट नाही वाटणार? त्यांना सोडून गेलं म्हणून?"

"वाटेल. पण मग बूट काढतील."

या वेळी मी तिला सांगितलं, मला दाखवू नकोस, चित्र दाखव. तिने मिठाईच्या खोक्याच्या झाकणावर निळ्या-पांढऱ्या रंगात जहाज काढलं. ते जहाजापेक्षा इस्त्रीसारखं जास्त दिसत होतं. मी तिच्या मागे उभी राहून वाचलं. दिसणार नव्हते, तरी साडी मात्र स्टार्चचीच नेसले. जुनी खोड. जहाज़ आज दोपहर रवाना हो चुका है. अगले जहाज़ की सूचना समय पर दी जाएगी. बंदरातून फोन आलेला नव्हता. त्या केंद्रावर फोनशिवाय मी कधी काही वाचलं नव्हतं. वाचून झाल्यावर मला वाटलं, काहीतरी वाटेल. सूनबाई म्हणाली, ओके आई, मस्त आलंय, आणि मी गवार मोडायला गेले.

शनिवारी संध्याकाळी ते लावलं. हे दाराशी खुर्चीवर बॅग घेऊन, मी शेजारी वेताच्या मोड्यावर. मुलगा बाल्कनीत पाठ करून उभा होता. पडद्यावर इस्त्री आली, माझा आवाज आला. मी तोंड मिटून बसले.

सूचना संपली. हे वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. गाठ बसली होती, ती मी सोडवली. बॅगेची चेन उघडली, बनियन काढून मांडीवर ठेवले, टॉवेल काढला, रिमोट काढून माझ्या हातात दिला.

"गेलं," हे म्हणाले.

"हो का? कशावरून?"

"कशावरून म्हणजे? सांगितलं ना आत्ता." मग माझ्याकडे जरा झुकून, घरातली गोष्ट परक्याला सांगावी तसे म्हणाले, "टीव्हीवर सांगते ना, ती आमची मंडळी आहे. ती उगाच काही सांगत नाही. मी दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. ती घरी आली की तिलाच पुन्हा विचारून घेतो."

मी रिमोटची बटणं बघत बसले. एका बटणावरचा आकडा पुसला गेला आहे. पण जी बया मासळीबाजारात मागे वळून बघायची, तिला कुठे राहवतं.

"दिसायला कशी आहे हो?"

"ते कुठे दिसतं? चित्र असतं जहाजाचं."

सूनबाई स्वयंपाकघरात गेली. मुलगा बाल्कनीतून आत आला, रिकामी बॅग बघितली, ती उचलून कपाटावर टाकली आणि म्हणाला, "उद्याचं राहू दे, आई." परवाचं काय ते बोलला नाही. मीही विचारलं नाही. पुढच्या संध्याकाळसाठी काय वाचायचं ते मात्र मी मनात जुळवायला लागले होते, कारण जहाज गेल्यावर फार दिवस गप्प बसलेलं बेटावर चालत नाही.

हे चपला घालून टेबलाशी येऊन बसले. जेवायच्या आधी चहा मागितला. मी दोन कप केले. हे म्हणाले, "अजून एक ठेवा. टेकडी उतरून येईल ती आता. घसा सुकलेला असतो."

मी आणखी एक कप भरून आणला. यांनी साखरेचा डबा ओढला, त्यात दोन चमचे साखर घातली, ढवळली आणि वर बशी झाकली. मग आपला चहा घेतला, थोडं जेवले आणि बिछान्यावर जाऊन पडले. बूट दाराशी नीट जोडीने ठेवलेले होते.

टेबल आवरताना मी बशी उचलली. चहावर साय धरली होती. मी तेव्हा दोन चमचेच साखर घ्यायचे. आता डॉक्टरांनी बंद केली आहे. मी उभ्या उभ्या तो गार चहा संपवला. फार गोड होता.